पहिलवानांची दगदग

सरकारी नकाशांच्या त्या दालनात 'पहिलवान' या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ आयुष्यात कधी आखाड्यात उतरले नव्हते. भाषेची पदवी पहिल्या वर्गात घेतलेले, फलकावरच्या एका चुकीच्या वेलांटीने दिवसभर अस्वस्थ होणारे ते सहायक अभिरक्षक होते. परंतु नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कापडावर चिकटवलेल्या जुन्या नकाशांचा एक लांबलचक खण त्यांनी एकट्याने उचलला, कोणीतरी "वा, पहिलवान!" म्हणाले, आणि कौतुकाच्या एका शब्दाने सुशिक्षित माणूस जन्माचा हमाल झाला.

त्यांच्या समोरच्या टेबलाशी दुसरे सहायक अभिरक्षक बसत. पहिलवान मनातल्या मनात त्यांना नाजूकराव म्हणत. दोघे एकाच वर्षी लागले. पहिलवान काही महिन्यांनी ज्येष्ठ. मुख्य अभिरक्षक निवृत्त झाले की ती खुर्ची आपलीच, हे पहिलवानांनी गृहीत धरले होते. मग एके दिवशी नाजूकरावांच्या छातीत दुखले. काही आठवडे रुग्णालयात काढून ते परतले ते एक शब्द बरोबर घेऊन. डॉक्टरांनी बजावले होते, "दगदग नको."

तेव्हापासून पहिलवानांचा त्या शब्दावर डोळा होता. कोश उघडला तर दगदग म्हणजे श्रम, धावपळ, त्यातून येणारा शीण. परंतु कोशकारांनी मुख्य गोष्ट लिहिलीच नाही, असे त्यांचे ठाम मत झाले. श्रम आपण करतो, कष्ट आपण उपसतो, ओझे आपण वाहतो. दगदग मात्र दुसऱ्याने म्हणावी लागते. "फार दगदग झाली हो तुमची," असे कोणी कळवळून म्हटल्याखेरीज ती झालीच नाही असे धरतात. म्हणजे हा शब्द घामावर मिळत नाही, मर्जीवर मिळतो. दिवसभर शिडीवर चढउतार करणाऱ्याचे ते 'काम', आणि खिडकीशी बसून भिंगातून नकाशाचा कोपरा न्याहाळणाऱ्याची ती 'दगदग'!

खिडकीजवळची जागा नाजूकरावांना मिळाली. धूळ झटकायची असली की त्यांना व्हरांड्यात बसवले जाई. अभ्यासकाने वरच्या फळीवरची गुंडाळी मागितली की नाजूकराव अर्धवट उठत, इतक्यात टंकलेखिकाबाई ओरडत, "अहो, तुम्ही कशाला? पहिलवान आहेत ना!" आणि नाजूकराव किंचित ओशाळून पुन्हा बसत. ते ओशाळणे पहिलवानांना सर्वांत जास्त झोंबे. मनुष्य धड निर्लज्ज असता तर त्याचा मनसोक्त द्वेष तरी करता आला असता.

घरी निराळे नव्हते. बायकोने रोज दोन डबे भरायला सुरुवात केली.

"हा दुसरा कोणाचा?"

"त्यांचा. मीठ कमी, तेल नाहीच. फळं सोलून ठेवलीत, वरचेवर हलवू नका. बिचारे एकटे राहतात, सकाळी उठून स्वयंपाकाची दगदग कशी झेपणार?"

"आणि माझी फळं?"

"अख्खी आहेत की. दात दिलेत ना देवानं?"

"मलाही अलीकडे जरा थकवा वाटतो."

"तुम्हाला काय धाड भरलीये! घोरता तेव्हा शेजारचे भिंत ठोकतात."

पहिलवान दोन्ही डबे घेऊन निघत. नाजूकरावांचा डबा सरळ धरावा लागे, म्हणून हातही तोच अवघडे.

खुर्ची रिकामी व्हायची वेळ आली, तसे ते कोणाला न सांगता तपासणीला गेले. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ठोकली, दाब मोजला आणि प्रसन्न चेहऱ्याने नळी गळ्यात टाकली.

"ठणठणीत! या वयात असं हृदय दाखवायला ठेवावं."

"काहीच नाही?" पहिलवानांचा आवाज पडला.

"काय हवं होतं?"

"थोडासा ताण वगैरे? म्हणजे... दगदग नको, असं काही लिहून देता येईल का?"

"रोज जिने चढता?"

"चढतो."

"चढत राहा," डॉक्टर म्हणाले, आणि तेच लिहून दिले.

संचालिकाबाईंनी त्यांना बोलावले तेव्हा त्यांनी नवा सदरा घातला होता. बाईंनी बसायला सांगितले, तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती; एरवी त्यांना कोणी बसा म्हणत नसे.

"पहिलवान, तुम्ही समजूतदार आहात, म्हणून स्पष्ट बोलते. वरची खुर्ची त्यांना द्यायचं ठरलंय."

"मी ज्येष्ठ आहे, बाई."

"आहातच. पण ते काम बसून करायचं आहे. त्यांची दगदग वाचेल. आणि तुम्हाला वर बसवलं, तर खाली कोण? तुमच्याशिवाय दालनाचं पान हलत नाही."

त्यांच्या गुणांची इतकी उघड स्तुती पहिल्यांदाच होत होती, आणि तिच्यामुळेच त्यांच्या तोंडचा घास जात होता. "पान हलवणाऱ्याला वर बसवायची पद्धत नसावी," एवढेच ते म्हणाले. बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

खोली बदलण्याच्या दिवशी उद्वाहक बंद पडला. नाजूकरावांची पाठीला आधार देणारी खुर्ची वर न्यायची होती; ती कोणी न्यायची, हा प्रश्न विचारण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. पहिलवानांनी ती डोक्यावर घेतली. मागून कठडा धरून नाजूकराव एकेक पायरी चढू लागले.

मधल्या वळणावर पहिलवानांनी मागे पाहिले. नाजूकरावांचे ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घाम होता. हे ढोंग नव्हते. इतकी वर्षे, निदान थोडे तरी ढोंग असेल, या आशेवर पहिलवान तग धरून होते. तीही त्या जिन्यात गेली. तरीसुद्धा मनात पहिल्यांदा दया आली नाही. मनात आले, माणसाने दमावे तर असे! आपण एवढे ओझे वाहूनही आपल्या चेहऱ्याला ही कळा कधी येणार नाही.

त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "बसा."

नाजूकराव बसले. दारे उघडली, माणसे धावली. टंकलेखिकाबाईंनी पाण्याचा पेला आणला, कोणी फायलीने वारा घालू लागले. नाजूकरावांनी पेला हातात घेतला, तोंडाशी नेला नाही. धापा टाकत ते म्हणाले, "आधी... पहिलवानांना द्या. खुर्ची त्यांनी आणली. दगदग त्यांची झालीय."

सगळे थांबले. टंकलेखिकाबाईंनी पेला परत घेतला आणि पहिलवानांसमोर धरला. ज्या शब्दासाठी त्यांनी वर्षे जळत काढली, तो भर जिन्यात, साक्षीदारांसमक्ष, पाण्यासह पुढे आला होता. फक्त हात पुढे करायचा होता.

"छे! मला काय होतंय!" पहिलवान म्हणाले. म्हटले आणि छातीही पुढे काढली.

"तेच म्हटलं," बाई हसल्या, आणि पेला पुन्हा नाजूकरावांकडे गेला.

पहिलवान टेबल आणायला खाली उतरले. घसा कोरडा पडला होता. आपण 'नको' का म्हणालो, याचा त्यांना संताप आला. परंतु धाप लागलेली असताना, ओठांवर रक्त नसताना, त्या माणसाला इतके चांगले बोलणे सुचले, याचा त्यांना त्याहूनही अधिक हेवा वाटला.