अर्डिथ व्होगेलने धरून ठेवलेली लाईन

कॉटनवुड बेंडमध्ये त्या काळी फोन उचलला की आकडे फिरवायचे नसत, अर्डिथ व्होगेलशी बोलायचं असे. नंबर सांगायची वेळही क्वचितच यायची. "अर्डिथ, डॉक्टर दे गं," म्हटलं की ती डॉक्टरांच्या घरी फोन लावत नसे. डॉक्टर ज्या शेतावर बाळंतपणाला गेले असतील तिथेच थेट जोडून द्यायची. कुठे गवताला आग लागली की सगळ्या गावाला एकच लांब घंटा द्यायची. नव्या सुनांना केक किती वेळ भाजायचा तेही तिनेच सांगितलेलं असायचं.

गावाचं एक्स्चेंज तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. वडील गेले तेव्हा एकोणीस वर्षांची अर्डिथ टेलिफोन कंपनीच्या बोर्डासमोर बसली, ती एकोणीसशे सत्तावन्नच्या वसंतातही बसलेलीच होती. दोनशे बारा फोन, प्रत्येक तारेला बोर्डावर एक भोक, आणि प्रत्येक भोकावर एक छोटं झाकण. कुणी फोन उचलला की झाकण खट्कन पडायचं, मग अर्डिथ भोकात पिन घालून लाईन जोडायची. लग्न राहून गेलं. तसे विचारणारे दोघे येऊन गेले, पण बोर्डासकट बायको कुणालाच नको होती.

शेतावरच्या घरांना वेगळी तार परवडत नसे. एकाच तारेवर आठ-दहा घरं. प्रत्येकाची घंटा निराळी, पण ऐकू सगळ्यांनाच जायची, आणि मग रिसीव्हर हळूच उचलून शेजारच्यांचं बोलणं ऐकायचं हा तिथला सर्वांत स्वस्त करमणुकीचा धंदा. ऐकणारे वाढले की आवाज बारीक व्हायचा. अर्डिथला तर कोण ऐकतंय तेही कळायचं. अल्व्हिना श्रॅडर असली की मागे तिच्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिकायचं. अल्व्हिना चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. चुगलीच्या पापावर दर महिन्याला बोलायची.

त्या एप्रिलमध्ये हुल्डा ब्रँट मारली गेली. साठीची विधवा, एकटी राहायची, कोंबड्या पाळून अंडी विकायची. अंडी न्यायला आलेल्या माणसाला ती स्वयंपाकघरात पडलेली दिसली. दार फोडलेलं नव्हतं. टेबलावर दोन कप होते.

तिसऱ्या दिवशी केंद्र सरकारचे दोन तपास अधिकारी आले. थोरला लोवेल प्रॅदर, पन्नाशीचा, पोटाच्या दुखण्याने कॉफीऐवजी दूध पिणारा. त्याच्याकडून गावाला कळलं की हुल्डा पहिली नव्हती. दोन वर्षांत कान्ससमध्ये दोघी, कोलोरॅडोत एक, सगळ्या एकट्या राहणाऱ्या, सगळ्या अशाच. हुल्डा धरून तीन राज्यांचा मामला झाला म्हणून वरून माणसं आली होती. प्रत्येक ठिकाणी, बाई मरण्याच्या थोडं आधी, घरी एक फोन आलेला होता.

प्रॅदरने अर्डिथला हुल्डाच्या फोनबद्दल विचारलं. तो फोन तिनेच जोडला होता. चाळीस मैलांवरच्या टेकॉनहून ट्रंककॉल आला होता. पुरुषाचा आवाज, मऊ, अदबशीर. "तुम्हाला त्रास देतोय," असं म्हणाला होता. सत्तावीस वर्षांत असं म्हणणारे फारच थोडे, म्हणून तिच्या लक्षात राहिलं. आपल्या हाताने पिन घालून आपण त्याला हुल्डाच्या दारात नेऊन सोडलं, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

"तो पुढे काय बोलला?" प्रॅदरने विचारलं.

"मी जोडून देते, ऐकत नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण ऐकणारी एक आहे."

हुल्डाच्या तारेवरच्या नऊही घरांत अधिकारी आधीच जाऊन आले होते. सगळ्यांनी मूग गिळले होते. दुसऱ्याचं बोलणं ऐकलं हे कबूल करायचं म्हणजे रविवारी चर्चमध्ये तोंड कुठे लपवायचं? अल्व्हिनाने तर प्रॅदरला दारातच उभं करून बायबलमधलं वचन ऐकवलं होतं. तेव्हा अर्डिथने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या बोर्ड रात्रपाळीच्या बाईच्या हाती दिला आणि पोस्टमास्तरच्या गाडीतून श्रॅडरांच्या शेतावर गेली.

अल्व्हिना पीठ मळत होती. अर्डिथ उभ्या उभ्याच म्हणाली, "अगं, त्या दिवशी तुझं घड्याळ मी ऐकलंय."

अल्व्हिनाचे हात पिठातच राहिले. मग तिला रडूच कोसळलं. मला वाटलं हुल्डाला कुणी विचारतंय लग्नाचं, ती म्हणाली. आवाज इतका छान होता. त्याने फक्त विचारलं, आज कुणी पाहुणं आहे का, मी चक्कर मारू का. हुल्डा म्हणाली, या की, कॉफी ठेवते. ओळखीचाच होता तो.

"आणखी काही?"

"पिल्लं," अल्व्हिना म्हणाली. "मागे कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. शेकड्यांनी."

तिथे प्रॅदरचा गुंता सुटला. दोन वर्षं तो शिवणयंत्रं आणि बायबलं विकणाऱ्यांच्या मागे हिंडत होता. वसंतात एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून रेल्वेने येत, आणि गाडीवाले स्टेशनातून ती उचलून शेतोशेती पोचवत. टेकॉनच्या स्टेशनात खोक्यांशेजारीच नाणी टाकायचा फोन होता. कोण एकटी राहते हे पिल्लं पोचवणाऱ्याला आपसूक कळायचं, आणि दार उघडायला कुणी मागेपुढे पाहायचं नाही. पण असे गाडीवाले पंचवीस-तीस, आज एक तर उद्या दुसरा. सगळ्यांना धरून विचारलं असतं तर हवा तो पसार झाला असता. त्याला आवाजावरूनच ओळखायचं होतं, आणि तो आवाज नीट ऐकलेली, कामाच्या जागी रोज हजर असणारी एकच व्यक्ती होती.

मग अर्डिथने आसपासच्या पाच गावांच्या एक्स्चेंजवाल्या बायकांना निरोप दिला. त्यातली टेकॉनची फर्न ओल्डेनकँप तिची वीस वर्षांची मैत्रीण. दोघींनी एकमेकींना पाहिलं होतं फक्त दोनदा. फर्नने स्टेशनच्या फोनवरची प्रत्येक मागणी अर्डिथला ऐकवायची, असं ठरलं. प्रॅदरने टेकॉनलाच हॉटेलात मुक्काम ठोकला.

तीन आठवडे काही झालं नाही. मे महिन्याच्या एका मंगळवारी, जेवणाच्या वेळेला, फर्नने लाईन दिली आणि अर्डिथच्या कानात आधी चिवचिवाट आला.

"तुम्हाला त्रास देतोय," आवाज म्हणाला. "मिसेस नायबर्ग यांचा फोन मिळेल का?"

मार्टा नायबर्गही एकटीच राहायची, पण अर्डिथचा आवाज नेहमीचाच राहिला. ती म्हणाली, लाईन गुंतलेली आहे, बहिणीशी बोलतायत, आणि त्या दोघी बोलायला लागल्या की जेवणं थंड होतात. तो हसला. नंतर करतो म्हणाला. तिला कळत होतं की हा आत्ता ठेवणार. फर्न तिकडे प्रॅदरला शोधत होती, आणि हॉटेलात तो नव्हता.

"पिल्लं आहेत का हो तुमच्याकडे?" अर्डिथने विचारलं.

पलीकडे सगळं थांबलं. फक्त पिल्लं ओरडत राहिली.

"मला डझनभर हवीच होती," ती म्हणाली. "आजवर कधी पाळली नाहीत. काही कळत नाही त्यातलं."

"कुठली हवीत, पांढरी की तांबडी?" त्याने विचारलं, आणि मग तो खुलला. पांढरी जास्त अंडी देतात पण थंडीत टिकत नाहीत. उबेला दिवा किती वर टांगायचा, खाली काय पसरायचं. आणल्या आणल्या प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवून दाखवायची, नाहीतर वेडी पाण्याशेजारी उभी राहून तहानेने मरतात. तो सांगत होता आणि ती मध्ये मध्ये विचारत होती. समोर बोर्डावर एकामागून एक झाकणं पडत होती. लोक तिला बोलावत होते, आणि ती पहिल्यांदाच कुणालाही ओ देत नव्हती.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" त्याने सहज विचारलं.

खोटं बोलावं असं तिला वाटलं. पण नवरा आहे म्हटलं तर तो फोन ठेवील.

"मी एकटीच," ती म्हणाली.

"मग मी स्वतःच आणून देईन. पत्ता सांगता का?"

तिने पत्ता सांगितला. खरा. रस्ता समजावून द्यायला जमेल तेवढा वेळ लावला. पूल सांगितला, धान्याचं कोठार सांगितलं, चुकीचं वळण सांगून परत दुरुस्त केलं. तो तिचं वाक्य म्हणून दाखवत असतानाच रिसीव्हर कशावर तरी आपटला. बुटांचे आवाज आले, एक खोकं पडलं, मग नुसती पिल्लं.

"मिस व्होगेल," धापा टाकत प्रॅदरचा आवाज आला, "लाईन सोडा आता."

फर्नने त्याला न्हाव्याच्या दुकानात गाठलं होतं. एका गालाला साबण तसाच ठेवून तो धावला होता. नंतर फर्नने सांगितलं, अकरा मिनिटं झाली होती. अर्डिथने पिन काढली, झाकणं एकेक करून वर केली, आणि प्रत्येकाला उशीर झाल्याबद्दल माफ करा म्हणाली. संध्याकाळी रात्रपाळीची बाई आल्यावर ती मागच्या अंगणात जाऊन ओकली.

तो चाळिशीच्या आतला, सडपातळ, नीटनेटका माणूस निघाला. गाडीच्या खणात हुल्डाचा चष्मा सापडला. चारही खून त्याने कबूल केले आणि जन्माचा तुरुंगात गेला. कोर्टात अर्डिथने त्याला बघितलं तेव्हा तिला ओळख पटेना. तो बोलला तेव्हा पटली. तो आवाज तिला तेव्हाही चांगलाच वाटला, आणि त्याची तिला फार लाज वाटली.

चार वर्षांनी गावात आकडे फिरवायचे फोन आले. कंपनीची माणसं बोर्ड काढून घेऊन गेली, भिंतीवर फिकट चौकोन राहिला. आता कुणाला डॉक्टर हवे असतील तर ते घरी नसल्यावर घंटा नुसती वाजत राहायची. अल्व्हिना दर गुरुवारी टोपलीभर अंडी घेऊन यायची आणि दोघी खिडकीशी बसून, कुणाची तार न ऐकता, गावभरच्या गप्पा मारायच्या. हुल्डा असती तर काय म्हणाली असती, हे दर वेळी निघायचंच.

निवृत्त झाल्यावर एकदा प्रॅदर मुद्दाम वाट वाकडी करून आला. पोटाचं दुखणं गेलं होतं. त्याने कॉफी मागून घेतली. अर्डिथचे केस पांढरे झाले होते. बोलता बोलता तो म्हणाला, इतकी वर्षं विचारायचं राहिलं, खरा पत्ता का दिलात? खोटा चालला असता.

"गावात खोटा पत्ता दिला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो," अर्डिथ म्हणाली. "माझ्याच रस्त्यावर मार्टा नायबर्ग होती, शाळेच्या बाई होत्या. कुणाचा देणार?"

मग तिने आंबट रूबार्ब घालून भाजलेल्या 'पाय'चा दुसरा तुकडा त्याच्या बशीत वाढला आणि फर्नची तब्येत कशी आहे ते सांगायला लागली.