शेजारच्या चौकोनाचा पत्ता

घोटावड्याच्या शहनाजबाई शब्बीर मुलाणी यांना कामातली चूक खपत नसे, आणि ती स्वतःची असली तर मुळीच खपत नसे. त्यांचे वडील मौलाभाई यांचे पौडच्या बाजारात कापडाचे दुकान होते. गिऱ्हाइकाला बोटभरही कापड कमी जाता कामा नये, ही शिस्त शहनाजबाईंनी तिथेच उचलली. पुढे टंकलेखनाची परीक्षा झाली, लग्न झाले, आणि भरे गावाजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात त्या हजेरी कारकून म्हणून लागल्या. खिडकीजवळची खुर्ची त्यांना मिळाली. त्या खुर्चीवर त्यांचा फार जीव होता.

१९८८ साली कारखान्यात संगणक आला. त्याच्या खोलीत गार हवेचे यंत्र बसवले आणि चपला बाहेर काढण्याची पाटी लावली. झाडलोट करणाऱ्या सारजाबाई म्हणाल्या, "माणसं भट्टीपुढं भाजत्यात, आन ह्यो बसलाय गारव्यात. मागल्या जन्माचं पुण्य हाय बगा!"

एका सोमवारी पुण्याच्या कचेरीतले मोठे साहेब आले. ते म्हणाले, "शनिवारी मी स्वतः संगणकावरचा हजेरीचा तक्ता पाहीन. बिनचूक निघाला, तर काम इथेच राहील. चूक निघाली, तर ते पुण्याला जाईल आणि बाईंना गोदामात घेऊ." शहनाजबाईंनी एकदा खुर्चीकडे पाहिले आणि मान डोलावली.

तक्ता असा होता. प्रत्येक कामगाराची एक ओळ. तिच्यात आधी नाव, त्याच्या शेजारच्या चौकोनात आजची खूण, गेटवर बिल्ला टांगून हजर असल्यास एक आणि नसल्यास शून्य, त्याच्या उजवीकडे महिन्याचे हजर दिवस आणि त्याही उजवीकडे घेतलेल्या रजा. यंत्राला आज्ञांची यादी एकदा लिहून दिली, की ते रोज आपणच आजची खूण पाहून शेजारच्या आकड्यात एक मिळवी. या यादीला मॅक्रो म्हणतात. प्रश्न एवढाच होता, की यंत्राला शेजारचा चौकोन सांगायचा कसा?

टाइमकीपर हैबतराव यांचे मत ठाम होते. "बाई, पक्का पत्ता लिवायचा. रकान्याचं अक्षर आन वळीचा आकडा. सी सात, सी आठ, सी नऊ. हितं-तितं असलं मोघम न्हाई चालायचं."

"अहो दादा, चाळीस माणसांचे चाळीस पत्ते लिहायचे?"

"लिवा की. तुमाला बसायलाच खुर्ची दिलीया."

शहनाजबाईंनी चाळीस पत्ते लिहिले. सोमवारी आणि मंगळवारी तक्ता बिनचूक निघाला. हैबतराव दोन दिवस मिशीवरून हात फिरवत होते.

बुधवारी गेणबा नावाचा नवा माणूस भट्टी खात्यात लागला. त्याची ओळ कुशाबा आणि कोंडिबा यांच्या मध्ये घालावी लागली, आणि खालची सर्व माणसे एकेक पायरी उतरली. आज्ञांना याची खबर नव्हती. त्या जुन्या चाळीस पत्त्यांवर गेल्या आणि थांबल्या. यादीतला शेवटचा माणूस, म्हणजे पॅकिंगचा वाल्मीक, एक्केचाळिसावा झाल्यामुळे बाहेर राहिला.

संध्याकाळी वाल्मीक हातोडी घेऊनच दारात उभा राहिला. "बाई, सकाळधरनं खोकी ठोकतुया मी. आन कागदावर माजा दिस वाढलाच न्हाई? मेलो का काय मी?"

"नाही हो वाल्मीकभाऊ, यंत्राचा हात तुमच्यापर्यंत पोहोचला नाही."

"मग त्याला स्टूल द्या!"

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असे. शहनाजबाईंनी चुलीवरचे उतू जाऊ दिले, पण नवी आज्ञा लिहून काढली. आता तिच्यात एकही पत्ता नव्हता. जिथे उभा आहेस, तिथून डावीकडचा चौकोन पाहा. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल, तर उभ्या जागी एक मिळव. मग एक पायरी खाली उतर. नाव संपले की थांब. माणसे कितीही वाढोत, अडचण नव्हती.

शुक्रवारी शहनाजबाई चहाला उठल्या, तेवढ्यात हैबतराव खुर्चीवर टेकले. यंत्राला अपाय होऊ नये म्हणून त्यांनी एकाच कळीला, एकाच बोटाने, एकदाच हात लावला. पहिल्या माणसाच्या हजर दिवसांवर उभा केलेला कर्सर, म्हणजे यंत्र कुठे उभे आहे ते दाखवणारी पट्टी, एक चौकोन उजवीकडे सरकला आणि रजेच्या रकान्यात जाऊन उभा राहिला. शहनाजबाईंनी परत येऊन आज्ञा सोडली. यंत्राने डावीकडे पाहिले, तर तिथे प्रत्येकाचे हजर दिवस. सगळेच आकडे शून्याहून मोठे. त्याने प्रत्येकाच्या नावावर एकेक रजा चढवली.

त्या दिवशी, कागदाप्रमाणे, एक्केचाळीस माणसे रजेवर होती आणि ओतकाम आपोआप झाले होते.

कुशाबा घाम पुसत आला. "ताई, बारा रजांतली एक गेली व्हय माजी? भट्टीपुढं हुबा राहून रजा? आसली रजा तर बैलालाबी कुणी देत न्हाई!"

हैबतराव छताकडे पाहत म्हणाले, "मी तर नुसतं बोट लावलं."

पक्का पत्ता लिहिला, तर माणूस वाढल्यावर फसतो. शेजारावर भिस्त ठेवली, तर उभी जागा चुकल्यावर फसते. शहनाजबाई त्या संध्याकाळी सुन्न मनाने घरी आल्या. गोदामात खिडकी नाही, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होते.

तेवढ्यात रंभाबाई बारशाचे आवतण घेऊन आल्या. गावात कोणाचेही कार्य असो, घरोघर निरोप नेण्याचे काम रंभाबाईंचे. त्यांना अक्षर येत नव्हते आणि त्यांच्याकडून आजवर एकही घर चुकले नव्हते.

शहनाजबाईंनी विचारले, "रंभामावशी, तुमचं घर चुकत कसं नाही?"

"त्यात काय चुकायचं? चावडीपासनं निघायचं आन उजव्या हातानं एकेक दार घेत जायाचं."

"आणि मध्येच कोणी चहाला आडबाजूला नेलं तर?"

"च्या प्यायचा. मग परत चावडीवर जायाचं आन तितनं मोजत यायचं. जिथं च्या प्यालो, तितनं निघालं की घोळ झालाच."

"मधे कोणी नवं घर बांधलं तर?"

"बांधू दे की! दार दिसतंय न्हवं? दारं संपली की आपुन घरी. तू चुली म्होरं बसून ह्ये का इचारतीस गं?"

शहनाजबाईंनी मावशींना दोनदा चहा पाजला.

शनिवारी सकाळी त्यांनी बुधवारचे आणि शुक्रवारचे चुकलेले आकडे हाताने दुरुस्त केले आणि पहिल्या माणसाच्या हजर दिवसांच्या चौकोनाला नाव दिले. यंत्राला इंग्रजी अक्षरेच समजत, म्हणून त्या अक्षरांत 'चावडी' असे लिहिले. वर ओळी वाढल्या, तरी ते नाव आपल्या चौकोनाला धरून खाली उतरत असे. मग पहिली आज्ञा घातली: कुठेही असलास, तरी आधी चावडीवर जा. पुढचे सगळे शेजाराच्या हिशेबाने.

मोठे साहेब अकरा वाजता आले. हैबतराव हात पाठीमागे बांधून उभे राहिले. साहेबांनी कर्सर वाटेल तसा हलवला, पार कोपऱ्यात नेऊन ठेवला. मग कुशाबा आणि गेणबा यांच्या मध्ये एक नवी ओळ घालून त्यांनी स्वतःचे नाव लिहिले आणि म्हणाले, "आता चालवा."

यंत्र चालले. वाल्मीकसुद्धा मोजला गेला. कागद बाहेर आला. साहेबांनी आपली ओळ वाचली. हजर दिवस : शून्य.

"मी तर तुमच्यासमोर बसलो आहे, बाई."

शहनाजबाई म्हणाल्या, "साहेब, आपण गेटवर बिल्ला टांगला नाही. बिल्ल्याशिवाय हजेरी लागत नाही."

साहेबांनी गेटची वही मागवली, कागद तिच्याशी ओळीने ताडून पाहिला आणि खाली सही केली. "काम इथेच राहू द्या," ते म्हणाले. "आणि माझं नाव काढून टाका."

"काढते, साहेब. लेखी आदेश आला, की लगेच काढते."

तो आदेश तीन महिने आला नाही. तोवर मोठे साहेब भट्टी खात्यात, कुशाबाच्या खाली आणि गेणबाच्या वर, दरमहा शून्य दिवस हजर राहिले.