साळवे सरांची बंद चांदणी

दिवाळीचे उरलेसुरले आकाशकंदील दुकानदार गोण्यांत भरायला लागले, की साळवे सर खरेदीला निघायचे. कागदाची एक पांढरी चांदणी घेऊन यायचे आणि डिसेंबर तोंडावर आला की एका रविवारी ती गॅलरीत टांगायचे. वायर ओढलेली, होल्डर बसवलेला, होल्डरमध्ये बल्ब. फक्त लावायचे नाहीत. पुढचे तीन-चार आठवडे ती चांदणी आमच्या शेजारी अंधारात लोंबकळत असायची.

मी वीजखात्यात खांबांवर चढून नोकरी केलेला माणूस. निवृत्त झालो तरी खिशात पेनाऐवजी टेस्टर असतो. ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत कुणाचा पंखा फिरेनासा झाला की मलाच हाक येते. अशा माणसाच्या नाकासमोर बंद दिवा टांगून ठेवायचा म्हणजे छळच. सर नवीन राहायला आले, त्या पहिल्याच वर्षी मी कठड्यावरून वाकून म्हणालो, "सर, तुमचा बल्ब गेलाय."

"गेला नाही," सर शांतपणे म्हणाले, "अजून वेळ झालेली नाही."

सर मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली होती आणि ती सवय काही सुटली नव्हती. रिक्षावाल्याला डावीकडे-उजवीकडे कधी सांगायचे नाहीत. "इथून जरा ईशान्येला घ्या," म्हणायचे आणि तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघायचा. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांच्या बायकोचा, कमलवहिनींचा स्वभाव याच्या बरोब्बर उलटा. त्या मोठ्याने हसायच्या, मोठ्याने बोलायच्या आणि नाताळात करंज्या-चकल्यांचा एवढा मोठा डबा पाठवायच्या, की आमच्या घरी दिवाळी दोनदा व्हायची.

"चर्चमधले सगळे एक तारखेपासून लावतात हो, भावजी," त्या मला सांगायच्या. "आमच्याच घरी हा अंधार. काय सांगायचं या माणसाला!"

पण संध्याकाळी सात वाजता त्याच चांदणीखाली दोन खुर्च्या मांडून दोघं बसायची. सर बायबलमधलं थोडं वाचायचे आणि शेवटी प्रार्थनेचं एकच वाक्य म्हणायचे, "प्रभू, तू इथे आहेस, हे आम्हाला विसरू देऊ नकोस." गॅलऱ्यांच्या मध्ये भिंत नावालाच, त्यामुळे सगळं आमच्या घरात ऐकू यायचं.

हा आगमनकाळ, म्हणजे प्रभूच्या येण्याची वाट बघायचे दिवस, असं त्यांनी मला समजावलं होतं. त्याने माझा गोंधळ वाढलाच. मी म्हणालो, "सर, तुम्ही रोज म्हणता तो इथे आहे. मग वाट कुणाची बघता? आणि वाट बघायचीय, तर तो आहे कुठे?"

त्यांनी माझ्या खिशातल्या टेस्टरकडे बोट दाखवलं. "चांदणी बंद आहे. वायरमध्ये करंट आहे की नाही?"

"बटणापर्यंत आहे," मी म्हणालो. "पुढे नाही." कामातली गोष्ट मी चुकीची सांगणार नाही.

"बटणापर्यंत आहे ना? तेवढं मला पुरतं."

मला नाही पुरलं. पण बोलण्यात त्यांना हरवणं कठीण, म्हणून मी चहा संपवून घरी आलो.

तीन वर्षांपूर्वी कमलवहिनींच्या पोटात गाठ निघाली. ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात महिनाभर होत्या. नोव्हेंबर संपताना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सरांच्या सोबतीला मी होतो. बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टर हळूच म्हणाले, "नाताळपर्यंत कठीण दिसतंय." सरांनी मान हलवली आणि खाली जाऊन गाडीवाल्याशी बोलले. त्या दिवशी मात्र त्यांना दिशा सांगता येईना. सगळ्या रस्त्यात मीच डावं-उजवं सांगत होतो.

वहिनींचा पलंग हॉलमध्ये, गॅलरी दिसेल असा लावला. रविवारी सरांनी चांदणी टांगली. बंद. मी गॅलरीत त्यांना गाठलं. "सर, या वर्षी आजच लावा. त्यांना डोळे भरून बघू द्या."

"नाही, परब. चोवीसलाच, नाताळच्या आदल्या संध्याकाळी."

"आणि तोवर काही झालं तर?"

ते बराच वेळ चांदणीची दोरी सारखी करत राहिले. "मला काहीच कळत नाहीये, परब," ते म्हणाले. "म्हणून जे रोज करतो, तेच करतोय."

मला राग आला. सरळ सांगतो, भयंकर राग आला. मरणाच्या दारात बायको, आणि हा माणूस तारखा बघत बसलाय! आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही मध्ये पडू नका." मी पडलो.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सर स्वयंपाकघरात पेज गाळत होते. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. मी गेलो आणि बटण दाबलं. पांढरा उजेड हॉलभर झाला. वहिनींनी डोळे उघडले. आता त्या हसतील म्हणून मी बघत राहिलो.

"भावजी, नाताळ आला?"

"नाही वहिनी, अजून आहेत थोडे दिवस. म्हटलं, जरा आधीच..."

त्या चांदणीकडे बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मी तोवर नाही, असं ठरलं का तुमचं?"

इतके दिवस ती बंद चांदणी त्यांना सांगत होती, की चोवीस तारीख यायचीय आणि तिच्यात आपणही आहोत. एक बटण दाबून मी त्यांना त्यातून बाहेर काढलं होतं. दारात सर पेजेची वाटी घेऊन उभे होते. ते आले, वाटी ठेवली, चांदणी बंद केली आणि पलंगावर बसले.

"परबांनी तपासून घेतली, कमल. आयत्या वेळी घोटाळा नको."

वहिनींनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "लागते ना, भावजी?"

"लागते, वहिनी. चांगली लागते."

त्या रात्री त्या चार चमचे पेज जेवल्या. मी घरी येऊन मोरीत तोंड धूत राहिलो, कारण सौ.ना माझे डोळे दिसायला नको होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी सरांची माफी मागितली. "तुमचं चुकलं असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "माझंच बरोबर, असंही वाटत नाही."

"पण सर, त्या चोवीसला असतील असं तुम्ही त्यांना भासवताय. हे खोटं नाही का?"

"ती असेल, असं मी कधी म्हटलं नाही. तो असेल, एवढंच म्हणतो. ती त्यातून काय घेते, मला विचारायचा धीर होत नाही."

वहिनी वीस तारखेला सकाळी गेल्या. दफन झालं, पाहुणे पांगले. मला वाटलं, सर आता चांदणी काढतील. काढली नाही. चोवीसला संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात सर, इस्त्रीच्या शर्टात. "चला परब, सात वाजले."

गॅलरीत नेहमीच्या दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी वहिनींच्या खुर्चीत बसेना, तसे सर म्हणाले, "बटणापाशी उभे राहा. तुम्ही तपासलीय, तुम्हीच लावा."

"सर, आता कुणासाठी?"

"कमल गेली. पण येणारा यायचा थांबलाय का?" असं म्हणाले खरे, पण ते मला सांगत होते की मला विचारत होते, ते मला आजही कळलेलं नाही.

मी बटणापाशी गेलो. मी दाबलं. चांदणी लागली. सरांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली, "प्रभू, तू इथे आहेस, हे आम्हाला..." पुढे त्यांना शब्द फुटेना. मग मी, मालवणच्या देवळात नारळ ठेवणारा माणूस, ते वाक्य पुरं केलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सर नगरला दिलेल्या मुलीकडे राहायला गेले. जाताना चांदणी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ख्रिस्ती झालेलो नाही, आणि सरांचा देव मला कळलाय असंही नाही. वहिनींना त्याने का नेलं, हे तर मुळीच कळलेलं नाही. तरी डिसेंबर आला की मी ती गॅलरीत टांगतो. बंद. सौ. सात वाजता येऊन दुसऱ्या खुर्चीत बसतात.

मागच्या डिसेंबरात समोरच्या इमारतीतला नवा भाडेकरू गॅलरीतून ओरडला, "काका, तुमचा बल्ब गेलाय!"

सरांसारखं काही समजावून सांगावं असं मनात आलं. पण मला ते जमणारं नव्हतं.

"गेला नाही," मी म्हणालो. "तपासलाय मी. लागतो."