दोन तागे

भिवंडीतल्या कापड तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी नोकरीला होते. तिथे एक दिवस एक लूममालक आपल्या जुन्या कारागिराला घेऊन आला. कारागीर म्हणजे शेलार गावचे एक काका, साठीला टेकलेले. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून यांचं कापड कच्चं निघतं, असं मालक कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला होता. शेजारच्या लूमवर एक नवा, तरुण कारागीर होता. "त्याचं आन् माजं, दोन्ही तपासा," असा हट्ट काकांनीच धरला होता.

दोघांच्या कापडाचा एकेक तागा मालकाने आणला होता. दोन्ही ताग्यांतून मी एका मापाच्या पट्ट्या कापल्या आणि मशीनवर ताणून एकेक तोडली. काका बाकावर बसून होते. पट्टी तुटली की मान वर करायचे.

सरासरी जवळपास एकच आली. पण नुसत्या सरासरीवर माझा भरवसा नव्हता. निम्म्या पट्ट्या फार मजबूत आणि निम्म्या पोचट असल्या, तरी सरासरी तीच येते. म्हणून दोघांच्या पट्ट्या कमजोर ते मजबूत अशा ओळीने लावल्या आणि त्या ओळी एकमेकींपासून कुठे किती फाकतात, ते कॉम्प्युटरवर पाहिलं. जिथे सगळ्यात जास्त फाकल्या, तिथेही अंतर किरकोळ होतं; एकाच ताग्यातून दोनदा पट्ट्या कापल्या तरी एवढी तफावत सहज पडते.

"फरक सापडत नाही," मी सांगितलं.

काकांचा चेहरा उजळला. "बोललो ना शेठ, माज्या कामात खोट न्हाय."

"मतलब दोघांचा माल सेम?" मालकाने मला विचारलं.

"फरक दिसला नाही, एवढंच सांगता येतं."

"बस, तेवढंच पाहिजे होतं." तो काकांकडे वळला. "चाचा, माल सेम, तर तुम्हाला कशाला ठेवू? तो पूर्ण शिफ्ट उभा राहतो. तुम्ही घडीघडी लूम थांबवून डोळ्यांत औषध टाकता. उद्यापासून येऊ नका."

हे तो शांतपणे, चहा पीत बोलला. मग उरलेला चहा काकांपुढे सरकवला.

काकांनी चहाला हात लावला नाही. मला म्हणाले, "ताई, माजं जरा तरी सरस निघालं न्हाय?"

"नाही, काका."

पुढे एकदा कामासाठी मानकोलीच्या एका गोदामात गेले. गेटवर काका होते, रखवालदाराच्या ढगळ गणवेशात. मी हसून विचारलं, "काका, ओळखलंत?"

"ओळखलं," ते म्हणाले. "बॅग उघडा."