धांड्याचे दहा तुकडे

प्रल्हाद गेल्याचं मला राजूरला कळलं, देवळाबाहेर, चतुर्थीच्या गर्दीत. धावड्याचा एक ओळखीचा शेतकरी म्हणाला, "शेठ, तुमचा दोस्त मास्तर गेला की. कावीळ झाल्ती." माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायची लाज वाटते... मला वाटलं, आता ते खरं-खोटं कधीच कळणार नाही. रडू नंतर आलं. त्याला आता दीड महिना झाला.

मी मस्तगडच्या मारवाडी कापडवाल्याचा मुलगा, प्रल्हाद धावड्याच्या बौद्ध मजुराचा. सात वर्षांपूर्वी जालन्याला अकरावी सायन्सच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. मी जन्माचा संशयी. डब्याचं झाकण सैल दिसलं तरी आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघणारा. सहामाहीत सरांनी न शिकवलेलं एक गणित टाकलं. दहा सेंटिमीटरची कांडी, तिच्यावर विद्युतभार सगळीकडे सारखा पसरलेला; तिच्याच रेषेत, टोकापासून दहा सेंटिमीटरवर विद्युतक्षेत्र किती? कांडीचा प्रत्येक कण वेगळ्या अंतरावर, म्हणून इथं इंटिग्रेशन लागतं, आणि ते तर दिवाळीनंतर शिकवणार होते. मी सगळा भार कांडीच्या मधोमध आहे असं धरून ४.४४ काढलं. खरं उत्तर होतं ५. प्रल्हादचं आलं ४.९९३, आणि त्याखाली एकच ओळ, 'तुकडे करून बेरीज केली.' बाकी रीत काहीच नाही.

पहिला येणाऱ्याला कॉलेजकडून वर्षभर पुस्तकं मिळायची. मला ती विकत घेता आली असती. त्याला दुसरी वाट नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, यानं तुमची वही पाहिली असणार. पकडलं जाऊ नये म्हणून पाचाचं ४.९९३ केलंय." ज्याच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नाही त्याला हे जमेलच कसं, हाच माझ्या संशयाचा खरा आधार होता. आज ते कबूल करतो. सरांनी त्याला वर्गात उभं केलं. "सर, मनातच धांड्याचे तुकडे केले," तो म्हणाला. धांडा म्हणजे ज्वारीचं वाळकं ताट; ते नाव ऐकून वर्ग हसला. मीही हसलो. त्याचे गुण गेले, पुस्तकं माझ्याकडे आली.

मग रोज संध्याकाळी तोच यायचा. "शेठ, दोन घंटे पुस्तक दे, बराबर आणून देतो." मी द्यायचो, आणि तक्रार मीच केली हे याला कळलंय का म्हणून त्याचा चेहरा न्याहाळायचो. परत आल्यावर पानन् पान तपासायचो. कधी एक रेघसुद्धा ओढलेली नसायची, आणि मला त्याचाही संशय यायचा. दिवाळीनंतर सरांनी इंटिग्रेशन शिकवलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "हे तर तेच हाय की. फकस्त तुकडे लई बारीक." मला ते सोंग वाटलं.

परवा धावड्याला त्याच्या घरी गेलो. तो गावातच शिकवायचा. भिंतीवर सायकलची एक तार टांगलेली, तिच्यात ओवलेले धांड्याचे दहा तुकडे. "शाळेत पोरांना दावायचे," त्याची बायको म्हणाली. "मी म्हनायची, शेठला का न्हाई दावत? तर म्हनायचे, त्यो म्हनंल, हे बी कुठून तरी पाहूनच केलं."

म्हणजे त्याला माहीत होतं... सगळी सात वर्षं.

तिनं ती तार मला दिली. घरी आलो आणि माझी खोड कुठे जाते, मी पट्टी घेतली. प्रत्येक तुकडा बरोबर एक सेंटिमीटर. मग एकेका तुकड्याच्या मधोमधचं अंतर धरून दहा आकडे काढले आणि बेरीज केली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. दोन्ही वेळा ४.९९३ आलं. पाचाला जे थोडं कमी पडत होतं, ते दहाच तुकडे केल्यामुळे.

ती तार आता दुकानात माझ्या बैठकीच्या मागे टांगली आहे. गिऱ्हाईक विचारतात, हे काय? मी सांगतो, माझ्या मित्राचा पेपर आहे, तपासायला मला उशीर झाला.