मिरजेतल्या गोळ्या

आटपाडीच्या बाजूला, माळावरच्या एका गावात मायाची पिठाची गिरणी होती. नवरा राजाराम टँकरवर ड्रायव्हर. आला तर दोन दिवस घरी, नाहीतर रस्त्यावर. गिरणी त्याच्या नावावर, पण पट्टा चढवण्यापासून दगडाला छिन्नीनं टाकी लावण्यापर्यंत सगळं मायाच करायची. गावातले बाप्ये आधी हसले. पीठ बारीक पडायला लागलं तसे गपगुमान डबे ठेवून जाऊ लागले.

थोरली साक्षी शाळेत जात होती. धाकट्या क्रांतीचं अंगावरचं पिणं नुकतंच सुटलं होतं. तिच्या बाळंतपणात मायाचं इतकं रक्त गेलं होतं, की बाटल्या चढवून तिला माघारी आणलेलं. त्यामुळं अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पाळी चुकली, तशी ती भ्यालीच. तिला तिसरं नको होतं. राजाराम म्हणाला, "तुझ्या जिवापरीस काय मोठं हाय? तू म्हणशील तसं. पर आईला तूच सांग बाई."

हेच तर अवघड होतं. दोन्ही पोरीच, सासूच्या मनात नातवाची आस असणारच. मुक्ताबाई सोप्यात बाजरी पाखडत होती. माया तिच्यापुढं बसली आणि एका दमात बोलून गेली.

मुक्ताबाईचं सूप थांबलं. "कुणाचा पाला-बिला खाल्ला न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आत्या," माया सासूला म्हणाली.

"मग खाऊबी नगंस. तुझा भाऊ मिरजंला हाय. चल, मी येती संगं."

मायाला वाटलं, आपण ऐकलं ते खरं का? पण म्हातारी उठून लुगड्याची घडी शोधायला लागलीसुद्धा. पोरींना शेजारच्या चुलतीकडं ठेवून दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या.

मायाचा भाऊ महेंद्र मिरजेला रेल्वेत होता. त्यानं दोघींना एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त बघितलं, सोनोग्राफी केली. दिवस थोडेच गेले होते.

"दोन मार्ग आहेत," बाई म्हणाल्या. "नेहमीसारखी पिशवी साफ करू. किंवा आमच्याकडं गर्भपाताच्या नव्या गोळ्यांची चाचणी चालू आहे, त्यात यायचं असेल तर या. या गोळ्या अजून दुकानात मिळत नाहीत. क्वचित काम अर्धवट राहतं, मग पिशवी साफ करावीच लागते. नीट विचार करून सांगा."

"मालकांची सही लागंल?"

"नाही. तुमचीच. तुम्ही सज्ञान आहात, कायदा तुम्हालाच विचारतो."

आपल्यालाच विचारतात, हे मायाला नवं होतं. तिनं गोळ्या घ्यायचं ठरवलं. मग बाईंनी समजावून सांगितलं. पहिली गोळी आज इथंच घ्यायची. आज बहुतेक काही होणार नाही, झालीच तर मळमळ. परवा परत यायचं आणि दुसऱ्या गोळ्या घेऊन दुपारपर्यंत दवाखान्यात थांबायचं. तेव्हा पोटात कळा येतील, पाळीपेक्षा जोराच्या. रक्त जाईल, गाठी पडतील. थंडी वाजेल, एखादा जुलाब होईल. नंतर आठवडा-दोन आठवडे थोडंथोडं जात राहील.

"आणि कशाला भ्यायचं?" मायानं विचारलं.

"कापडाच्या मोठ्या घड्या भराभर भिजायला लागल्या, एक बदलली की दुसरी, आणि थांबेनाच, तर. ताप उतरेना, घाण वास यायला लागला, चक्कर येऊन पडायला झालं, तर. मग वाट बघायची नाही, सरळ इकडं यायचं."

पहिली गोळी तिनं पाण्याबरोबर गिळली आणि भावाच्या क्वार्टरवर जाऊन भावजयीच्या हातची आमटी-भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. वेळ जाईना म्हणून तिनं भावजयीचं शिवणाचं मशीन तेल घालून सुरळीत केलं.

तिसऱ्या दिवशी मात्र दुसऱ्या गोळ्या घेतल्यावर तासाभरात कळा सुरू झाल्या. ओटीपोटात कुणी पिळा घालावा तशा. मायाचे दात वाजायला लागले. मुक्ताबाईनं आपलं पांघरूण तिच्यावर टाकलं आणि तिची कंबर रगडत बसली. नर्सनं दुखण्यावरची गोळी दिली.

"आत्या, तुमाला राग न्हाई आला?"

म्हातारीचा हात थांबला नाही. "माझी धाकटी भन हुती, मनुबाई. तिला चौथं नगं हुतं. तवा असलं काय न्हवतं. एकीनं पिशवीत काडी घातली. तापानं फणफणली आन् गेली. आमी पटकीनं गेली म्हून सांगितलं लोकास्नी. नातू कुणाला नगं असतो गं? पर माझी सून मला हवी हाय."

मायानं तिचा दुसरा हात धरला. थोड्या वेळानं ती संडासला गेली. गाठी गेल्या, रक्त गेलं. नर्सनं बघून मान हलवली, "झालं वाटतंय." हळूहळू कळा सैल पडल्या. मायाच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं म्हणून, का सुटले म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग मात्र तिला कडकडून भूक लागली, आणि मुक्ताबाई हसली.

दोन आठवड्यांनी दोघी तपासायला परत गेल्या. पिशवी मोकळी होती. लगेच परत दिवस जाऊ शकतात, असं बाईंनी बजावलं, तसं मायानं तांबी बसवून घेतली.

बाहेर आल्यावर एसटीला वेळ होता. मुक्ताबाईनं कृष्णेचा घाट कधी बघितला नव्हता. माया तिला रिक्षानं घेऊन गेली. पायऱ्यांवर बसून दोघींनी एका पुडक्यातलं भडंग खाल्लं. म्हातारीला ते लय तिखट लागलं, नाक ओढत, डोळे पुसत ती म्हणाली, "आणि एक पुडी घे. पोरींस्नी."