पॉइंटाचा भरवसा

उघड्या बॉनेटखाली वाकलेली आई, पदर कमरेला खोचलेला, ओठांत आगपेटीचा पुठ्ठा धरलेला आणि हातात हुपरीच्या माहेराहून आणलेली बारीक कानस... माझ्या लहानपणीच्या जवळजवळ प्रत्येक प्रवासात हे दृश्य एकदा तरी यायचंच. कधी पन्हाळ्याच्या वळणावर, कधी उसाच्या गाड्यांनी तुंबलेल्या कागलच्या रस्त्यावर. त्याभोवती पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा आणि तिच्या अंबाड्यातल्या अबोलीच्या गजऱ्यावर शिंपडलेल्या पाण्याचा असा एक संमिश्र गंध दरवळत असायचा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. तेव्हाच त्यांनी ही जुनी गाडी कुणाकडून तरी घेतली होती. अशा गाडीत ठिणगी पाडायला धातूचे दोन इवलेसे ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. एकमेकांवर आपटून ते काळे पडतात, त्यांच्यातली फट बदलते आणि गाडी भर रस्त्यात खोकत बंद पडते. मग ते घासायचे, पुठ्ठा मध्ये सरकवून फट जोखायची. आप्पांच्या राकट बोटांना हे नाजूक काम कधी साधलं नाही, आणि आईचं तर सगळं बालपण चांदीच्या पैंजणांच्या कड्या घासण्यात गेलेलं. त्यामुळे कामाची वाटणी आपोआपच झाली. गाडी गिअरमध्ये टाकून आप्पा मागून तसूतसूने ढकलायचे, आत इंजिन हळूच फिरायचं, आणि पॉइंट पुरते उघडले की आई नुसतं 'बास' म्हणायची.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इतरांच्या आया कशा गाडीत बसून मुलांना चिवडा भरवायच्या, आणि माझी आई कोपरापर्यंत काळी! येणारेजाणारे थांबून आप्पांना विचारायचे, "काय पावणं, मालकीण मिस्त्री आन् तुमी हमाल व्हय?" आप्पा खो खो हसायचे, आईसुद्धा पदराआड हसायची, आणि मी मागच्या सीटखाली अंग चोरून, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून अंबाबाईचा धावा करत बसायचे.

घरातून निघताना आप्पांचं एक वाक्य ठरलेलं असे: "पॉइंटाचा भरवसा न्हाय, चल की." ते कानावर पडलं की आई हातातलं काम टाकून निघालीच. गडमुडशिंगीतल्या आमच्या गल्लीतले पुरुष गुऱ्हाळावर, जनावरांच्या बाजाराला, कुस्तीच्या मैदानाला आपापले जायचे. बायकोला बरोबर न्यायची रीत नव्हती, आणि नेली असती तर गल्लीने महिनाभर टिंगल केली असती. आई मात्र सगळीकडे जाऊन आली. मैदानाबाहेर गाडीत बसून तिने हलगीचा कडकडाट ऐकला, गुऱ्हाळावर कढईतून उतरलेली ऊन ऊन काकवी चाखली... थंडीतल्या संध्याकाळी ती परतली की तिच्या लुगड्याला गुळाच्या धुराचा गोड करपट वास यायचा, आणि त्या रात्री ती भाकऱ्या थापताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत असायची.

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून आले, आणि पेट्रोल पंपावर गाडी रुसली. सत्तरीची आई चष्मा सावरत पुन्हा बॉनेटखाली वाकली, पलीकडे दोन पोरं मोबाइलवर तिचं चित्रण करू लागली, आणि माझ्या आतली ती सीटखाली दडलेली मुलगी जशीच्या तशी उठून बसली. दुसऱ्याच दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने पॉइंट काढून टाकले आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची एक बंद डबी बसवली – ना घासणं, ना फट जोखणं. घरी सांगितलं, आईच्या कमरेला आराम पडावा म्हणून केलं. खरं म्हणजे मला माझी अब्रू झाकायची होती. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. आप्पांनी "झकास" म्हणून माझी पाठ थोपटली. आईने कानस पुसून डब्यात ठेवून दिली.

परवा संक्रांतीला पुन्हा गेले. दुपारी आप्पा गुऱ्हाळावर निघाले. हातात किल्ली घेऊन ते दारात उगीचच थांबले, खाकरले, सोप्यात तीळ निवडत बसलेल्या आईकडे त्यांनी एकदा पाहिलं. तिनेही मान वर केली होती... पण बोलायला वाक्यच उरलं नव्हतं. आप्पा चपला घालून निघून गेले, आणि न अडखळता, न खोकता गाडीचा आवाज दूर गेला.

त्या क्षणी मला माझी जी लाज वाटली, ती लहानपणीच्या सगळ्या लाजांहून जड होती. विनाकारण एकमेकांना 'चल' म्हणायला ही दोन माणसं कधी शिकलीच नव्हती. त्यांच्याकडे एक कारण होतं, पन्नास वर्षं पुरलेलं, आणि ते मी माझ्या हाताने भंगारात टाकलं होतं.

मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, पॉइंट नवे मिळतात अजून, उद्याच परत बसवून आणते.

तिने परातीतून मान वर केली नाही.

"नगं. आता परत बसवलंस तर त्यास्नी कळंल की, मला जायाचं असतंय म्हणून."